चार बहिणींची पत्रे: अठराव्या शतकातील इंग्रज उमरावांचा घरगुती पत्रव्यवहार कसा वाचावा

१७६२ साली आयर्लंडमधील कॅसलटाउन येथील वाड्यातून लेडी लुईसा कॉनोली हिने इंग्लंडमध्ये असलेल्या आपल्या धाकट्या बहिणीला, साराला, एक मागणी कळवली. छापील चित्रांच्या दुकानात कधी जाणे झाले तर पाच-सहा मोठी चित्रे घेऊन पाठव, टेनियर्स या चित्रकाराच्या चित्रांवरून ल बा याने कोरलेल्या प्रती नेहमीपेक्षा आकाराने मोठ्या असतात असे ऐकले आहे, त्या मिळाल्या तर अवश्य पाहा, असा तो मजकूर होता. लुईसा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती. अशी जमवलेली चित्रे तिने पुढे एका खोलीच्या भिंतींवर बेतशीर चिकटवली आणि त्यांच्याभोवती कागदी चौकटी, फिती व माळा लावल्या. ती खोली कॅसलटाउनमध्ये आजही पाहायला मिळते. शोकनाट्य आणि सुखनाट्य या दोन स्त्रियांच्या ओढाताणीत सापडलेला गॅरिक हा नट तिच्या एका भिंतीवर मधोमध उभा आहे. एखाद्या पत्रातील दोन ओळी डोळ्यांसमोर भिंत होऊन उभ्या राहिलेल्या पाहण्याचा योग क्वचित येतो.

अठराव्या शतकातील इंग्रज उमरावांच्या पत्रव्यवहाराकडे वाचक बहुधा राजकारणाच्या शोधात वळतात. मंत्रिमंडळ कोणामुळे पडले, राजाची मर्जी कोणावर होती, युद्धाची बातमी लंडनला कधी पोहोचली, हे मिळाले की मधली पाने ते भराभर उलटतात. मुलाला आलेला ताप, बदललेली दाई, पडद्यांसाठी हवे असलेले कापड, धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी असा मजकूर त्या पानांत असतो. माझे म्हणणे असे आहे, की ही उलटलेली पानेच त्या पत्रव्यवहाराचा कणा आहेत. त्या वर्गात घर, जमीनजुमला आणि सत्ता यांच्यात भिंत नव्हती. कोणाचे लग्न कोणाशी लागते, हुंडा किती ठरतो, विधवेच्या वाट्याला काय येते आणि थोरला मुलगा जगतो की नाही, यावर हजारो एकर जमीन आणि पार्लमेंटमधील जागा अवलंबून असत. घराणे इंग्लंड आणि आयर्लंडभर पांगलेले असल्यामुळे हे सारे ठरत होते, बिघडत होते आणि सावरले जात होते ते पत्रांतूनच.

हे समजून घेण्यासाठी एकच घराणे धरून चालणे बरे. रिचमंडचा दुसरा ड्यूक चार्ल्स लेनॉक्स हा राजा दुसरा चार्ल्स याचा नातू होता; त्याचे वडील राजाचे अनौरस पुत्र होते. त्याचे लग्न १७१९ मध्ये हेग शहरात झाले. जुगारात झालेल्या देण्याची फेड म्हणून दोन्ही बापांनी ते ठरवले, असे सांगितले जाते. नवरा अठरा वर्षांचा होता आणि नवरी, सारा कॅडोगन, तेरा-चौदा वर्षांची होती. लग्न लागताच तो युरोपच्या प्रवासाला निघून गेला आणि काही वर्षांनी परतल्यावर नाट्यगृहात एका सुंदर तरुणीकडे पाहून ही कोण म्हणून त्याने चौकशी केली, तेव्हा ती त्याचीच बायको निघाली, ही गोष्ट घराण्यात आवडीने सांगितली जाई. पुढे हे जोडपे एकमेकांवर जीव टाकणारे म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांच्या मुलींपैकी चौघींची पत्रे आपल्या कामाची आहेत: १७२३ मध्ये जन्मलेली कॅरोलिन, १७३१ ची एमिली, १७४३ ची लुईसा आणि १७४५ ची सारा. थोरली लंडनमध्ये, मधल्या दोघी लग्न होऊन आयर्लंडमध्ये आणि धाकटी आयुष्यभर इकडून तिकडे, अशी ही पांगापांग होती.

आता पत्र या वस्तूकडे पाहू, कारण मजकुराचा बराचसा अर्थ त्या वस्तूत दडलेला असतो. टपालाचा खर्च तेव्हा पाठवणारा देत नसे, पत्र घेणारा देई, आणि तो अंतर व कागदांची संख्या यांवर ठरे. वेगळा लिफाफा वापरला तर तो आणखी एक कागद म्हणून मोजला जाई, म्हणून लिहिलेलाच कागद घडी घालून, कोऱ्या भागावर पत्ता लिहून, लाखेने बंद करीत. उमरावांना यातून मोठी सवलत होती. हाउस ऑफ लॉर्ड्स आणि हाउस ऑफ कॉमन्स या दोन्ही सभागृहांच्या सभासदांनी पत्राच्या दर्शनी बाजूस सही केली, की ते विनामूल्य जाई. साहजिकच कोऱ्या कागदांवर सह्या करून ते बायको, बहिणी आणि मित्र यांना वाटण्याची रीतच पडली. ती इतकी फोफावली, की १७६४ मध्ये संपूर्ण पत्ता सभासदाच्याच हस्ताक्षरात हवा असा नियम झाला, आणि १७८४ पासून पत्त्यासोबत तारीखही लिहावी लागे. म्हणून पत्राची बाहेरची बाजू वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. बहिणीने बहिणीला लिहिलेल्या पत्रावर पत्ता एखाद्या मेहुण्याच्या अक्षरात असेल, तर निदान ते पत्र पाठवले जाते आहे हे त्याला ठाऊक होते, एवढे त्यावरून कळते.

आयर्लंडची पत्रे होलीहेड बंदरातून टपालाच्या जहाजाने डब्लिनला जात आणि वारा उलटा असला की तिथेच अडकून पडत. मग तीन-चार पत्रे एकदम येत. म्हणूनच आरंभी तुझे अमुक तारखेचे पत्र अमुक दिवशी पावले, असे लिहिलेले पुष्कळदा दिसते. तो शिष्टाचारापेक्षा अधिक हिशोबाचा भाग होता: कोणत्या बातमीला उत्तर दिले आणि कोणती अजून वाटेत आहे, हे दोघींनाही कळावे लागे.

दुसरी गोष्ट वाचकांची. पत्र एकीच्या नावाने आले, तरी ते दिवाणखान्यात मोठ्याने वाचून दाखवले जाई आणि पुष्कळदा दुसऱ्या बहिणीकडे धाडलेही जाई. सर्वांनी ऐकावे अशा बेताने पत्र लिहायचे आणि खरे मन वेगळ्या कागदावर, किंवा वाचून जाळून टाक अशी विनंती करून मांडायचे, ही कला लहानपणापासून अंगी बाणत असे. एखाद्या पत्रातील स्तुती कोणासाठी लिहिली आहे हे ठरवताना, ते वाचले जात असताना खोलीत कोण बसले असेल याचा विचार करावा लागतो.

भाषेतही काही खाचखळगे आहेत, आणि मराठी वाचकाला ते चटकन उमगतील. आपल्याकडे जाऊ, नणंद, भावजय, मेहुणी अशी प्रत्येक नात्याची वेगळी हाक आहे. इंग्रज पत्रलेखक मात्र नवऱ्याच्या बहिणीला, भावाच्या बायकोला आणि सख्ख्या बहिणीलाही सरसकट सिस्टर म्हणून मोकळे होतात, त्यामुळे वंशावळ शेजारी ठेवल्याशिवाय पत्र उलगडत नाही. फ्रेंड्स या शब्दाचा अर्थ मित्र असा होईच, पण लग्नाच्या बोलण्यांत तो आला की वडीलधारी नातेवाईक आणि हितचिंतक असा घ्यायचा. फॅमिली म्हणजे एका छताखाली राहणारी सगळी माणसे, त्यांत स्वयंपाकीण, घोडेवाला आणि दाईसुद्धा आली. आपल्याकडे जुन्या पिढीतील गृहस्थ आमचे कुटुंब म्हणत ते बायकोला उद्देशून, हे आठवले की एकाच शब्दाचा पसारा किती बदलू शकतो हे लक्षात येते. माणसांची नावेही बदलत जातात. एमिली लग्नानंतर १७४७ मध्ये किल्डेअरची काउंटेस झाली, १७६१ मध्ये मार्शनेस आणि १७६६ मध्ये लेन्स्टरची डचेस झाली, बाई एकच. उमराव तर पदाचेच नाव सही म्हणून लिहीत. शिवाय १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. एमिलीचे लग्न आपल्या मोजणीने ७ फेब्रुवारी १७४७ रोजी झाले, पण त्या वेळच्या कागदावर ते वर्ष १७४६ असे दिसू शकते.

आता लग्नाकडे वळू, कारण पत्रांत जितकी तगमग या विषयावर दिसते तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर दिसते. उमराव घराण्यातील लग्न म्हणजे आधी एक करारनामा असे. मुलीकडून हुंड्याची रक्कम येई. तिच्या बदल्यात नवरा वारल्यास तिला हयातभर वार्षिक नेमणूक मिळेल असे नवऱ्याच्या इस्टेटीवर बांधून घेतले जाई, आणि ही नेमणूक साधारणपणे हजार पौंड हुंड्यामागे वर्षाला शंभर पौंड या प्रमाणात असे. नवरा असेतो तिच्या स्वतःच्या खर्चासाठी वेगळी रक्कम ठरे. आपल्याकडे चोळी-बांगडीची तरतूद म्हणत, तीच कल्पना. त्याच करारात, अजून जन्मालाही न आलेल्या मुलांची वाटणी लिहिलेली असे: जमीन अखंड थोरल्या मुलाला आणि धाकट्यांना रोख रकमा. विश्वस्त नेमून हे सारे असे बांधले जाई, की इस्टेट हाती असलेल्या वारसाला उत्पन्न खाता यावे पण जमीन विकता येऊ नये. लग्न झालेल्या स्त्रीची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होत असल्यामुळे, तिच्यासाठी जे काही राखायचे ते लग्नाआधीच लिहून घ्यावे लागे. म्हणून बोलणी महिनोन्महिने चालत.

ती मोडतही असत. दुसऱ्या एका उमराव घराण्यातील लेडी मेरी पिअरपॉन्ट हिच्या बाबतीत एडवर्ड वर्टली मॉन्टेग्यू याने आपली इस्टेट न जन्मलेल्या थोरल्या मुलाच्या नावे बांधून देण्यास नकार दिला. तो मुलगा उधळ्या निघाला तर, असा त्याचा सवाल होता. मुलीच्या वडिलांनी बोलणी तोडली आणि दुसरे स्थळ पक्के केले. तेव्हा १७१२ च्या ऑगस्टमध्ये लेडी मेरी मॉन्टेग्यूबरोबर पळून गेली. त्याआधी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे वाचताना जीव टांगणीला लागतो, कारण प्रेम आणि करारातील कलमे त्यांत एकाच वाक्यात येतात. हुंडा नाही, दागिने नाहीत, केवळ अंगावरच्या कपड्यांनिशी येणार आहे, तेव्हा पुन्हा विचार कर, असे ती त्याला बजावते. पुढे त्यांचा मुलगा खरोखरच उधळ्या निघाला आणि वडिलांनी आपली प्रचंड संपत्ती त्याला डावलून मुलीकडे जाईल अशी व्यवस्था केली.

लेनॉक्स घराण्यातही हाच प्रसंग आला. थोरल्या कॅरोलिनचे मन हेन्री फॉक्स या राजकारण्यावर बसले होते. तो तिच्याहून अठरा वर्षांनी मोठा होता आणि घराणे तिच्या तोलाचे नव्हते. आईवडिलांनी दुसरे स्थळ दाखवण्याचे ठरवले तेव्हा पाहुण्यांसमोर जाता येऊ नये म्हणून तिने आपल्या भुवया कापून टाकल्या, अशी कथा आहे. मे १७४४ मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केले. ड्यूक आणि डचेस यांनी मुलीशी संबंध तोडले आणि पुढची चार वर्षे तिला घराचे दार बंद राहिले. मार्च १७४८ मध्ये वडिलांनी अखेर जे पत्र लिहिले, त्याची सुरुवातच अशी आहे, की रागाचे कारण आजही तितकेच कायम आहे. तरीही आईवडिलांची माया त्यावर वरचढ ठरली आहे. मला हे पत्र त्या शतकातील सर्वांत प्रामाणिक कौटुंबिक पत्रांपैकी एक वाटते, कारण त्यात क्षमा आहे पण चूक मान्य केल्याचे सोंग नाही. ड्यूक दोनच वर्षांनी वारला, त्यापाठोपाठ डचेसही गेली. धाकट्या मुली मात्र लंडनच्या थोरल्या बहिणीकडे सोपवल्या गेल्या नाहीत. त्या गेल्या आयर्लंडमध्ये, कार्टन येथे, पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेलेल्या एमिलीकडे. एका पळून केलेल्या लग्नाचा परिणाम लहान बहिणींच्या बालपणावर असा उमटला.

१७५३ मध्ये लॉर्ड हार्डविकच्या प्रयत्नाने नवा विवाह कायदा झाला. गुपचूप लग्नांना त्याने आळा घातला आणि एकवीस वर्षांखालील मुलामुलींना परवान्याने लग्न करायचे तर वडिलांची किंवा पालकाची संमती आवश्यक ठरवली. हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्याला सर्वांत जोरदार विरोध केला तो हेन्री फॉक्सने. नुसता संसदेचा वृत्तान्त वाचणाऱ्याला हा पक्षीय वाद वाटेल. पण कॅरोलिनची पत्रे ज्याने वाचली आहेत त्याला तो माणूस स्वतःच्या संसाराची बाजू मांडत होता हे दिसते. फॉक्सची पुतणी लेडी सुझन हिने १७६४ मध्ये एकविसाव्या वर्षी, म्हणजे कायद्याने सज्ञान झाल्यावर, विल्यम ओब्रायन या नटाशी लग्न केले. हादरलेल्या नातेवाइकांनी त्या जोडप्याला अमेरिकेत न्यूयॉर्कला धाडून दिले.

ही सुझन आणि सारा लेनॉक्स या जिवलग मैत्रिणी होत्या, आणि आयुष्यभर चाललेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात सारा बोलते तशी लिहिते. सारा चौदाव्या वर्षी लंडनला, हॉलंड हाउसमध्ये, कॅरोलिनकडे राहायला आली. १७६० मध्ये गादीवर आलेला तरुण राजा तिसरा जॉर्ज तिच्यावर भाळला, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, विशेषतः फॉक्सच्या, आशा पल्लवित झाल्या. जुलै १७६१ मध्ये राजाचे लग्न मेक्लेनबुर्गच्या शार्लट या राजकन्येशी ठरल्याचे कळले. तेव्हा साराने सुझनला लिहिलेल्या पत्रात अश्रू नाहीत. तो आवडत होता पण प्रेम नव्हते, असे ती सांगते. राग आहे तो आपण सर्वांसमोर मूर्ख ठरलो याचा, आणि आपल्याला काही वाटले नाही असे वागून दाखवण्याचा तिचा निश्चय आहे. फॉक्सने आपल्या टिपणांत नोंदवले आहे, की तिची पाळलेली खार त्या सुमारास आजारी पडून मेली आणि तिचे दुःख तिला राजापेक्षा अधिक झाले. सोळा वर्षांच्या मुलीचे खारीपाशी बसून राहणे आणि घरातल्या मोठ्यांचे राजघराण्याशी सोयरीक जुळण्याचे हिशोब, ही दोन्ही चित्रे एकाच घरातील आहेत. सप्टेंबरमध्ये राजाच्या लग्नात सारा करवल्यांमध्ये उभी होती.

पुढे १७६२ मध्ये तिचे लग्न सर चार्ल्स बनबरी याच्याशी झाले, आणि ते सुखाचे ठरले नाही. डिसेंबर १७६८ मध्ये तिला मुलगी झाली, ती लॉर्ड विल्यम गॉर्डन याच्यापासून. १७६९ च्या आरंभी ती त्याच्याबरोबर निघून गेली आणि वर्ष संपण्याच्या आत एकटीच परतली. भाऊ, म्हणजे तिसरा ड्यूक, याने तिला गुडवुडच्या आपल्या इस्टेटीवर आसरा दिला, आणि तिथे तिने सुमारे बारा वर्षे समाजापासून दूर काढली. घटस्फोटासाठी तेव्हा पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. तो १७७६ मध्ये झाला. या काळातील बहिणींच्या पत्रांत धक्का आहे, शरम आहे, कडक शब्दही आहेत, पण पत्रे थांबलेली नाहीत. मला हेच महत्त्वाचे वाटते. १७४४ मध्ये याच घराण्याने मुलीशी बोलणे तोडले होते. पंचवीस वर्षांनी कितीतरी मोठ्या बोभाट्यानंतरही भावंडांनी बहिणीला सोडले नाही. साराने १७८१ मध्ये जॉर्ज नेपियर या सैनिकी अधिकाऱ्याशी लग्न केले. त्यांचा थोरला मुलगा चार्ल्स नेपियर याने १८४३ मध्ये सिंध जिंकला, आणि तो प्रांत पुढे १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता.

कार्टनच्या एमिलीचा संसार म्हणजे एक लहानसे गावच होते. तिला पहिल्या नवऱ्यापासून, किल्डेअरपासून, एकोणीस आणि दुसऱ्या नवऱ्यापासून तीन अशी बावीस मुले झाली, आणि त्यांतली कित्येक लहानपणीच गेली. त्यामुळे बहिणींच्या पत्रांत बाळंतपण हा जवळजवळ ऋतूसारखा येणारा विषय आहे. बाळंतीण महिनाभर खोलीत राहत असे. घोर लागलेल्या बहिणीला बातमी लगेच कळावी म्हणून नवरा किंवा घरातले दुसरे कोणी चार ओळी लिहून टपाल गाठत असे, आणि बाळंतिणीचे स्वतःच्या हातचे पहिले पत्र आले, की ती धोक्याबाहेर आली असे समजत. १७६५ मध्ये एमिलीचा थोरला मुलगा जॉर्ज सतराव्या वर्षी वारला. आईचे दुःख एकीकडे आणि दुसऱ्या मुलाचे, विल्यमचे, आयुष्य एका दिवसात पालटणे दुसरीकडे, कारण आता पदवी आणि जमीन त्याच्याकडे येणार होती.

आजारपणाचा मजकूर वाचताना देवीच्या रोगाची धास्ती ध्यानात ठेवायला हवी. वर आलेल्या लेडी मेरी हिचा भाऊ देवीने गेला होता आणि तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर व्रण राहिले होते. नवरा तुर्कस्तानात राजदूत असताना तिथल्या बायका देवीच्या फोडातला पू सुईने टोचून रोग सौम्य करतात हे तिने पाहिले, आणि १ एप्रिल १७१७ च्या पत्रात एड्रियानोपलहून सारा चिझवेल या मैत्रिणीला त्याचे बारकाईने वर्णन कळवले: अक्रोडाच्या टरफलात आणलेला पू, मोठी सुई, चार-पाच शिरा. १७१८ मध्ये तिने आपल्या मुलाला आणि १७२१ मध्ये लंडनमध्ये मुलीला टोचून घेतले. जेनरची लस यायला तेव्हा पाऊणशे वर्षे होती. हे पत्र जिला लिहिले ती सारा चिझवेल १७२६ मध्ये देवीनेच वारली.

मुलांच्या शिक्षणावरही पत्रांत खल होई. रूसोच्या विचारांचा एमिलीवर प्रभाव होता, म्हणून तिने डब्लिनजवळ समुद्रकाठी फ्रेस्काटी येथे मुलांना ठेवून विल्यम ओगिल्व्ही या स्कॉटिश शिक्षकाच्या हाती दिले. समुद्रस्नान, बागकाम आणि मोकळी हवा हा तिथल्या अभ्यासाचाच भाग होता, आणि मुलांची खबरबात शिक्षकाच्या पत्रांतून आईला मिळत राही. एमिलीचा नवरा, लेन्स्टरचा ड्यूक, १७७३ मध्ये वारला आणि १७७४ मध्ये तिने या शिक्षकाशीच लग्न केले. त्यावर लोकांनी तोंडे वाकडी केली, पण बहिणी तिच्या पाठीशी राहिल्या आणि भावाने तिला फ्रान्समधील ओबिन्यी येथील आपला वाडा राहायला दिला.

पैशाची गोष्ट पत्रांत सर्वांत उशिरा आणि सर्वांत अपुरी येते. कॅरोलिनच्या मुलांना, विशेषतः पुढे प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स जेम्स फॉक्सला, जुगाराचे व्यसन जडले, आणि बापाने मरण्यापूर्वी त्याचे एक लाखाहून अधिक पौंडांचे कर्ज फेडले. १ जुलै १७७४ रोजी हेन्री फॉक्स गेला आणि त्याच महिन्यात कॅरोलिनही. डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना आपली जुगाराची देणी आईला, लेडी स्पेन्सरला, लिहून कळवी तेव्हा आकडा नेहमी खऱ्याहून कमी असे. नवऱ्याला सगळे एकदाच सांगून टाक, असे आई पुन्हा पुन्हा विनवी. लग्न झालेल्या बाईचे कर्ज कायद्याने नवऱ्याच्या अंगावर येत असल्यामुळे, हा लपवलेला आकडा म्हणजे संसाराखाली धुमसणारी आग होती. लॉर्ड चेस्टरफील्ड याने मुलाला लिहिलेली उपदेशाची पत्रे याहून अधिक प्रसिद्ध आहेत, पण त्यांत घर फार थोडे आहे. ज्या मुलाला जगात वागावे कसे हे त्याने शेकडो पत्रांतून शिकवले, त्याला बायको आणि दोन मुले आहेत हे बापाला १७६८ मध्ये तो मुलगा वारल्यावर कळले. ती सून म्हणजे युजेनिया स्टॅनहोप, आणि १७७४ मध्ये ही पत्रे तिनेच छापवली.

एवढी पत्रे उरली ती योगायोगाने नव्हे. कोणीतरी ती जपली म्हणून. एमिलीने बहिणींची पत्रे सांभाळून ठेवली, आणि त्यांचा मोठा साठा आज आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिने बहिणींना लिहिलेली पत्रे मात्र फार थोडी शिल्लक आहेत, त्यामुळे जिच्याभोवती सगळे घर फिरते तिचेच बोलणे आपल्याला इतरांच्या उत्तरांवरून ताडावे लागते. कित्येक ठिकाणी जपणाऱ्यांनीच जाळूनही टाकले. लेडी मेरीने १७५३ च्या जानेवारीत इटलीतून आपल्या मुलीला, लेडी ब्यूटला, नातीच्या शिक्षणाविषयी लिहिताना, मुलीने भरपूर शिकावे पण ती विद्या एखादे व्यंग लपवावे तशी लपवावी, असा सल्ला दिला होता. ही पत्रे लेडी ब्यूटने राखली. आईची अनेक वर्षांची रोजनिशी मात्र तिने कुलपात ठेवली, तिच्यातले काही उतारे मुलींना स्वतः मोठ्याने वाचून दाखवले, आणि आपल्या म्हातारपणी धाकट्या मुलीला, लेडी लुईसा स्टुअर्टला, पहिल्या पाच-सहा वह्या एकटीने वाचू दिल्या. अट एवढीच, की त्यातले काहीही उतरवून घ्यायचे नाही. लुईसाने ती अट पाळली. १७९४ मध्ये, आपल्या मृत्यूच्या थोडे आधी, लेडी ब्यूटने त्या साऱ्या वह्या जाळल्या.